दुखण्याचा चेहरा

लोकांची अंधुक चित्रं सुधारून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. लोक नखाएवढं चित्र पाठवतात आणि दुकानाच्या पाटीएवढं मागतात. ते नुसतं ताणलं की कडांना पायऱ्या पडतात, म्हणून मी ते रेषा आणि बिंदूंनी नव्याने बांधते. मग हवं तेवढं मोठं करा, हवं तिथे बदला. कॉम्प्युटर हे आपोआपही करतो, पण साध्या कपाला शेकडो बिंदू चिकटवून ठेवतो. माझ्या कपाला आठ पुरतात, आणि त्या आठांचा मला भारी तोरा.

अर्धांगाच्या झटक्याने बाबांची वाचा गेली, अक्षरंही ओळखू येईनात. जन्मभर बसमध्ये कंडक्टर, गप्प बसणं ठाऊकच नसलेला माणूस. दवाखान्यातल्या बाईंनी चित्रांचा एक कागद दिला: पाणी, दिवा, खिडकी, झोप, दुखणं. बाबा डाव्या हाताच्या बोटाने दाखवत आणि आमचं भागत होतं. पण चित्रं बारीक, कुठून कुठून गोळा केलेली, काळवंडलेली. बाबा डोळे किलकिले करून शोधत बसायचे.

"घरात एवढी कारागीर, आणि ह्यांनी चिटोऱ्यावर बोलायचं?" आई म्हणाली. झालं, मी कंबर कसली.

सगळी चित्रं नव्याने बांधली. रेषांची जाडी एक, कोपऱ्यांची गोलाई एक, जणू सख्खी भावंडं. आमच्यात यालाच सफाई म्हणतात. मोठी छापून बाबांपुढे ठेवली आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

बाबा दिव्यावर बोट ठेवत आणि पाणी आणलं नाही म्हणून चिडत. जुन्या कागदावर पाण्याचा कप कानतुटका होता, दिवा काळाकुट्ट होता. त्या खोडींवरूनच ते ओळखत होते. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. त्याआधी एका दुपारी ते झोपेच्या चित्रावर बोट आपटत राहिले. आम्ही त्यांना आडवं केलं, पांघरूण घातलं. त्यांनी ते भिरकावलं.

"आता हा काय हट्ट!" आई वैतागली.

संध्याकाळी तिने लुळ्या पायाला बांधलेला आधारपट्टा सोडला. टाच सोलवटून लाल झाली होती.

"अगं बाई! हे दुखत होतं का हो?"

बाबा तोंड फिरवून रडायला लागले. माझ्या कागदावर झोप आणि दुखणं, दोन्ही गोल चेहरे, दोघांचे डोळे मिटलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी त्यांची खुर्ची कॉम्प्युटरशी ओढली. जुना कागद समोर ठेवून कपाचा कान तोडला, दिवा काळा केला. बाबा "हं" म्हणत गेले आणि दुखण्याशी अडले. जुना चेहरा जसाच्या तसा आणला, तरी त्यांची मान नाहीच म्हणे. मी ओठाचा बिंदू खाली ओढला.

"एवढं?"

नाही.

"एवढं?"

नाही. ओठ हनुवटीला टेकले आणि मी थांबले. रेघ गोलाबाहेर जाऊ द्यायची नाही, हे हातात मुरलेलं. बाबांनी माझं मनगट धरलं आणि जोराने खाली ओढलं. तोंड चेहरा फाडून पार कागदाच्या कडेपर्यंत गेलं.

"एवढं, बाबा?"

"हं."

जुन्या कागदावरचा तो चेहरा ते रोज दाखवायचे. आणि आम्ही रोज त्यांना सांगायचो, थोडं दुखणारच.