सगळ्यांची तिकिटं

कॉलरचं पितळी बटण भोकाशी येऊन पुन्हा निसटलं... आणि आरशातल्या लूशियस पेटवेला आपल्याच बोटांची चीड आली. याच बोटांचा पियानो ऐकायला अख्खं शिकागो रांगा लावत होतं — अगदी गेल्या हिवाळ्यापर्यंत.

“सरक,” ओडेसा म्हणाली. मोठी बहीण, तिने चिमटीत धरून बटण लावून टाकलं. “पियानोवर एवढी नाचतात, आणि इथे बरी हातपाय गाळतात तुझी बोटं!”

तो हसला नाही. दुपारी निकाल होता. ज्यूरीचे बारा गोरे पुरुष आतल्या खोलीत जाऊन निर्णय घेऊन बाहेर येणार, आणि मग घर किंवा तुरुंग.

गुन्हा काय, तर नोराला मिलवॉकीहून इथे आणलं — एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, अनैतिक हेतूने. नोरा त्याच्या ताफ्यात गायची; ती गोरी, तो काळा, आणि आता ती त्याची बायको होती. मग झालं तर, तो आपल्या वकिलांना म्हणाला होता. “लग्न नंतर केलंत,” वकील म्हणाले, “गाडीत बसलात तेव्हा कुठे झालं होतं?” अनैतिक म्हणजे नक्की काय, हो? वकील चष्मा पुसत बसले. “ते कायद्यात लिहिलेलं नाही. ते ज्याने त्याने ठरवायचं.” ज्याने त्याने... थिएटरचे गोरे मालक क्रँडलसाहेब दर शनिवारी नवी पोरगी घेऊन सरोवरापलीकडे मिशिगन राज्यात जातात, धक्क्यावरचा पोलीस त्यांना सलाम ठोकतो, आणि हेतू कुणी विचारत नाही. मी विचारू? कुणाला विचारू?

आणि पुरावा कसला, तर तिकीट. तिचं तिकीट तूच काढलंस ना, सरकारी वकिलाने दरडावलं, आणि तो हो म्हणाला, कारण सगळ्यांचीच तो काढायचा. पूर्वी केंटकीतल्या एका स्टेशनावर खिडकीतल्या माणसाने ताफ्यातल्या ढोलवाल्या ऑगस्टसला काळा म्हणून तिकीट नाकारलं होतं. गाडी सुटली, ऑगस्टस मागे राहिला, आणि परत आला तो तिथल्या गोऱ्यांचा मार खाऊन, एक डोळा गमावूनच. तेव्हापासून लूशियस सगळ्यांची तिकिटं एकदम काढी — कार्यक्रमाच्या जाहिरात-फलकावर त्याचं नाव असे, त्याला सहसा नाही म्हणत नसत — आणि टोपीच्या पट्टीत खोचून ठेवी. आपलं माणूस मागे राहता कामा नये, एवढाच हेतू. हे तो कोर्टात सांगत होता तेव्हा त्या बारांतला एकजण नखं कोरत होता.

कोर्टाकडे जाणारी ट्राम आली. नोरा आपल्या मावशीकडे होती. तिच्या शेजारी दिसू नका, असं वकिलांनी बजावलं होतं. ओडेसा खिडकीशी बसली, तो तिच्या बाजूला.

“भाडं,” कंडक्टरने हात पुढे केला.

लूशियसचा हात सवयीने खिशात गेला. दोघांचं — ओठांवर आलंच होतं — आणि पुढे बसलेल्या गोऱ्या माणसाने सहज मागे वळून पाहिलं. शेजारी सख्खी बहीण, शहर तेच, राज्य तेच. हे सगळं त्याला कळत होतं, आणि तरीही...

“एकाचं,” तो म्हणाला.

ओडेसाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग आपली पिशवी उघडली, नाणं शोधलं, दिलं.

“असू दे रे,” ती हळूच म्हणाली.

तिची माफी मागावी असं त्याला फार वाटलं. पण तो माणूस अजून मागे वळून बघत होता, आणि लूशियस बहिणीपासून किंचित दूर सरकून बसला.