आजारी पुस्तकं

जुन्या पुस्तकांच्या ग्रंथालयात बाबांनी तीस वर्षं बाइंडिंग केलं. कागद आतून खराब व्हायला लागला की त्याचा वास बदलतो, आणि तो बाबांना सगळ्यांच्या आधी कळायचा. "यांच्या नाकाचा विमा उतरवा," अशी तिथे थट्टा चालायची.

ते निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी त्याच ग्रंथालयाच्या प्रयोगशाळेत त्यांची लेक रुजू झाली. जुन्या कागदातून सुटणारी वाफ तपासून त्याची तब्येत सांगणारं नवं यंत्र तिथे आलं होतं. यंत्र खरं बोलतंय का, हे पडताळायला तिने बाबांनाच बोलावलं.

टेबलावर दहा पुस्तकं मांडून ती म्हणाली, "क्रम लावा, बाबा. सगळ्यात आजारी ते पहिलं."

बाबा एकेक पुस्तक नाकाशी नेऊन डोळे मिटत होते. सातवं डांबरगोळ्यांच्या पेटीतून नुकतंच काढलेलं होतं. त्या वासाने लेकीलाच ठसका लागला. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "वा! अगदी निरोगी."

लेकीने ते पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं. "बाबा, तुम्हाला वास येत नाही ना?"

बाबा उगाच पुस्तकांच्या कडा जुळवत बसले. "त्या मोठ्या तापात गेला. दोन वर्षं झाली."

"आणि मला बोलला नाहीत?"

"काय बोलू? नाव काढावं असं तेवढं एक नाकच तर होतं माझं."

तिने वही पुढे ओढून विचारलं, "मग क्रम कशावरून लावताय?"

बाबांनी पानाचा कोपरा अलगद वाकवून तिच्या कानाशी धरला. "हा बघ, कुरकुरतोय. चांगला कागद मुकाट्याने वाकतो नि सरळ होतो." तिने ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी यंत्राचा निकाल आला. दहापैकी सात जागा जुळल्या.

"उरलेल्या तिनांचं काय?" बाबा कानकोंडे झाले.

"यंत्राला सर्दी झाली असेल," लेक म्हणाली. बाबा खुदकन हसले. मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वास यात कसा दिसतो?"

"रेघांसारखा."

"रेघा राहू देत. तू सांग."

तिने पहिलं पुस्तक उघडून खोल श्वास घेतला. "आंबूस आहे. मागून जरा गोडसर. ओल्या लाकडासारखं पण काहीतरी..."

"बाइंडिंगच्या सरसाचा येतोय?"

"हो, किंचित."

"मीच शिवलंय ते," बाबा डोळे मिटून म्हणाले. "पुढचं घे."

दहावं पुस्तक मिटलं तेव्हा शिपाई किल्ल्या घेऊन दारात उभा होता.