पत्ता खालून वाचायचा

बाबांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते, तेव्हा माझ्या फोनवर निरोप आला. 'तुमचे जतन केलेले आवाजी संदेश आज संध्याकाळी पाच वाजता कायमचे पुसले जातील. ठेवायचे असल्यास इथे दाबा.' खाली निळ्या अक्षरांत लिंक.

माझ्याकडे बाबांचे अकरा संदेश होते. नळवाला येऊन गेला, औषधं मिळाली, जेवलीस का, असले. त्यातला एकही मी पुन्हा ऐकला नव्हता. धीर होत नव्हता. आहेत, एवढं पुरत होतं.

साडेदहा वाजले होते. मी उठले, बसले, पुन्हा उठले. आई बाबांचे शर्ट कपाटातून काढून परत तिथेच रचत होती, सकाळपासून तिसऱ्यांदा. निरोप वाचून दाखवल्यावर म्हणाली, मग दाब ना, वाट कसली बघतेस.

दाबलं. आमच्या फोन कंपनीचं चिन्ह, तोच हिरवा रंग. नंबर मागितला, दिला. पासवर्ड मागितला. ऑफिसात मी सगळ्यांना बजावत असते, असल्या लिंका उघडू नका. परोपदेशे पांडित्य. चार अक्षरं टाकून झाली होती.

आई मागे येऊन उभी राहिली. "कुठल्या गावचं आहे ते?"

"गाव नसतं गं. वेबसाइट आहे."

"पत्ता असेल ना? मग शेवट वाच आधी."

बाबांनी एकतीस वर्षं टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी केली. पत्ता ते खालून वर वाचत. आधी गाव, मग रस्ता, नाव सगळ्यात शेवटी. नाव काय, कुणीही कुणाचंही लिहील. पत्र जातं शेवटच्या ओळीतल्या गावाला, म्हणायचे. सोबती त्यांना 'शीर्षासन' म्हणत. आई चिडवायची, मलाही ह्यांनी पत्ता बघूनच पसंत केलं.

मी पानाच्या वरच्या, पत्त्याच्या पट्टीत पाहिलं. सुरुवातीला कंपनीचं नाव. मग टिंब, मग 'सुरक्षित', मग पुन्हा टिंब. आणि पहिल्या तिरक्या रेघेच्या अलीकडे, जिथे खरा मालक कळतो, तिथे कधी न ऐकलेलं भलतंच नाव. आईला वाचून दाखवलं.

"हे गाव आपलं नाही," ती म्हणाली.

पान बंद केलं. जुन्या बिलावरचा नंबर शोधून कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, आम्ही असं काही पाठवत नाही, पासवर्ड तेवढा बदलून घ्या. बदलला. मग अकराही संदेश एकेक करून, न ऐकता, कॉम्प्युटरवर उतरवले. शिवाय एका पेन ड्राइव्हवर. तो आईने सगळ्यात वरच्या शर्टाच्या खिशात ठेवला.

निरोप खोटा होता, हे दोघींना कळलं होतं. तरी चार वाजल्यापासून कुणाचं कशात लक्ष नव्हतं. आई गॅलरीत गेली, आली, पुन्हा गेली. पावणेपाचला शेजारी येऊन बसली. पाच वाजले. काही झालं नाही. आणखी दोन मिनिटांनी ती म्हणाली, "एक लाव. आहेत का बघू."

मी सगळ्यात खालचा लावला.

"काही नाही," बाबा म्हणाले, "पोचलीस का, एवढंच विचारायचं होतं."

दुसरा नको, असं आईने हातानेच सांगितलं. मग उठून कपाट उघडलं आणि शर्ट बाहेर काढायला लागली.