वर पडलेले दगड

सिन्नरच्या पलीकडे उतारावर दोन भावांची दोन वावरं आहेत. वरचं थोरल्या कारभारीचं, खालचं धाकट्या सावळीरामचं. मध्ये कमरेएवढा दगडी बांध. त्या उतारावर एक जुनी रीत आहे : पावसानं बांध फुटून जे वाहून येईल, ते खालच्याचं. पाण्याशी कोण भांडणार?

कारभारीचं वावर मूळचं मुरमाड. कुदळ मारली की ठिणगी उडायची. तीन उन्हाळे त्यानं आणि बायकोनं, कुसाबाईनं, तळ्यातला गाळ आणून पसरला, शेणखत घातलं, धनगराच्या मेंढ्या बसवल्या. मग कुठे वीतभर काळी माती झाली. मुठीत दाबली तर लाडू वळायचा, बोटानं टोचला तर फुटायचा. सावळीरामनं गाईबैल विकून मोटारसायकल घेतली होती. दहा वर्षं त्यानं नुसता युरिया ओतला. त्याची जमीन उन्हात खापरासारखी तडकायची.

सप्टेंबरात एका संध्याकाळी पाऊस कोसळला. सकाळी नवराबायको वावरात आली तर बांधाला चार हातांचं खिंडार. काळी माती त्यातून खाली निघून गेली होती. वर राहिला पिवळा मुरूम, आणि मुळं उघडी पडलेली कांद्याची रोपं. खाली सावळीरामचं वावर लोण्यासारखं मऊ, काळंभोर.

कारभारी घमेलं आणि फावडं घेऊन खिंडारातून खाली उतरला आणि माती भरू लागला.

"ओ दादा! कोणाच्या वावरात हात घालतो?" सावळीराम पहार घेऊन आला. मागून त्याची बायको फुलाबाई पळत आली.

"माझी हाय ती माती."

"वाहून आलं ते खालच्याचं. तूच सांगायचा ना लहानपणी? आता जीभ फिरली व्हय?"

"सावळ्या, मोटारसायकल शेण टाकत नाय, म्हून माझ्या शेणावर डोळा का?"

सावळीरामनं घमेल्याला लाथ मारली. कारभारीनं त्याची गचांडी धरली. दोघे चिखलात पडले. कारभारीनं भावाच्या तोंडावर कोपर मारलं, दात तुटून ओठातून रक्त आलं. सावळीराम रक्त थुंकला, उलटला आणि त्यानं पहारीनं थोरल्याच्या बरगडीवर मारलं. एकदा, दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी आत काहीतरी मोडल्याचा आवाज कुसाबाईला वरपर्यंत आला. कारभारीचा श्वासच अडकला. सावळीरामनं त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि त्याचं तोंड त्याच काळ्या मातीत दाबलं.

"खा! तुझी हाय ना? खा!"

कुसाबाई खिंडारातून धावली, दिराच्या केसांना धरून मागे ओढू लागली. त्यानं उठून तिला दोन्ही हातांनी वर ढकललं. ती उताणी पडली, डोकं दगडावर आपटलं. कानामागून ऊन रक्त मानेवर उतरलं.

तशीच पडल्या पडल्या ती हातानं चाचपू लागली. खाली दगड होते. बांधाचे दगड, एकावर एक. सगळे वरच्या बाजूला, तिच्याच वावरात. खालच्या वावरात एकही नव्हता.

सावळीराम लहानपणापासून शेतकरी. स्वतःच्या वावरात दगड टाकायचा नाही, बांधाबाहेर फेकायचा, हे त्याच्या हातांना मुरलेलं. पावसात पहारीनं बांध खिळखिळा करताना त्याच हातांनी दगड नेहमीसारखे दुसरीकडे टाकले होते.

"भावजी!" ती ओरडली. "पाणी दगड वर नेतं का वो?"

सावळीरामनं दगडांकडे पाहिलं. फुलाबाईनंही पाहिलं.

"आगं माय," फुलाबाई म्हणाली. "रात्री चिंब भिजून आला व्हतास तू."

"गप बस!" तो पहार उगारून कुसाबाईवर धावला. तिच्या हाताला लागला तो दगड तिनं दोन्ही हातांनी फेकला. तो त्याच्या मनगटावर बसला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. पहार खाली पडली, तो मनगट पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला.

तोवर कारभारी उठला होता. तोंडातून माती आणि लाळ गळत होती. त्यानं फावडं उचललं आणि भावाच्या डोक्यावर धरलं. सावळीरामनं मान वर केली नाही.

फुलाबाई मधे पडली नाही. तिनं लवंडलेलं घमेलं उचललं, हातांनी माती ओढून भरलं आणि कारभारीसमोर धरलं.

"दादा, माती न्या. माणूस ठेवा."

फावडं खाली आलं. सावळीरामच्या कानाजवळून गेलं, कानाची पाळी फाटली आणि पातं मातीत दांड्यापर्यंत रुतलं. कारभारी दांड्याला धरूनच खाली बसला.

दोन्ही पुरुष दवाखान्यातून आले ते एकाची छाती बांधून, एकाचा हात प्लास्टरात घालून. घमेलं कोणालाच उचलवत नव्हतं. म्हणून अकरा दिवस दोघी जावा माती वाहत राहिल्या. फुलाबाई भरायची, कुसाबाई न्यायची. माती पहिल्यासारखी नव्हती. तिच्यात खालची पांढरी ढेकळंही येत होती.

बांधाचा शेवटचा दगड बसवताना फुलाबाईनं विचारलं, "जाऊबाई, त्यानं दगड खाली टाकले असते, तर?"

कुसाबाईनं डोक्यावरच्या पट्टीला हात लावला.

"तर मीच ह्यांला म्हणाले असते, चला घरी, वाहून गेलं ते खालच्याचं."