गळ्यातली पाटी

"हिला भोकं नको पाडू," म्हातारी आक्काबाई आपल्या सुतार लेकाला म्हणाली होती. "भोकं पाडलेली पाटी भिंतीवर टिकत नाय. गळ्यात जाती."

मला तेव्हा हसूच आलं. मित्रांनो, आज मी एक जुनी, कड झिजलेली लाकडी पाटी आहे. पण त्या दिवशी माझा काळा रंगही नीट वाळला नव्हता. मुकुंदवाडीच्या स्टेशनाअलीकडं एका सुताराच्या अंगणात मी घडले. वहीएवढं अंग, वरच्या कोपऱ्यांत दोन भोकं, त्यांत ओवलेली सुतळी. माझ्यावर इंग्रजी लिहिणार, एवढं कानावर आलं आणि मी फुशारले. म्हातारीला काय कळतंय, असं मनात म्हणाले.

मला करून घेतलं होतं काकासाहेब सरांनी. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजीची शिकवणी चाले. विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचे दिवस होते ते. आज मोर्चा, उद्या बंद, परवा संचारबंदी. शाळा कधी उघडी असेल याचा भरवसा नसे, म्हणून शिकवणीला गर्दी. शिवाय चिकलठाण्याला कारखाने उभे राहत होते. तिथं हेल्पर म्हणून लागलेल्या प्रत्येक बापाला आपलं लेकरू आतल्या खुर्चीत बसलेलं बघायचं होतं, आणि त्या खुर्चीची भाषा इंग्रजी होती.

सरांची रीत अशी. फळ्यावर चुकीची वाक्यं लिहायची. कुठं स्वल्पविराम गाळलेला, कुठं नाव लहान अक्षरानं सुरू केलेलं, कुठं क्रियापद बिघडलेलं. मुलांनी ती सुधारून दाखवायची. ज्याचं चुकेल त्याचं वाक्य चुकीसकट माझ्यावर उतरे आणि मी त्याच्या गळ्यात जाई. सुटकेची वाट एकच होती: दुसऱ्याची चूक पकडून द्यायची. मग मला ओल्या फडक्यानं पुसत, नवी चूक लिहीत, नवा गळा शोधत. तोवर रस्त्यानं चालताना, घरी जेवताना मी गळ्यातच. सर त्या मुलाला नावानं हाकही मारत नसत. माझ्यावरचं वाक्य मोठ्यानं वाचत, तीच हाक. बाहेर एका नावासाठी माणसं लाठ्या खात होती, आणि आत लेकरांची नावं रोज अशी पुसली जात होती.

मुलं इंग्रजी शिकली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून लवकर ती एकमेकांवर डोळा ठेवायला शिकली. पालक सरांची तारीफ करत. वरचेवर माझीही.

त्या वर्गात कडूबाई आली. तिची माणसं गंगापूरकडची, मेंढरं राखणारी. मेंढरं विकून तिचा बाप सोनाजी कारखान्यात लागला होता. आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी हिचं नाव कडू ठेवलेलं. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "नावच कडू, मग इंग्रजी गोड कशी लागायची?" वर्ग हसला. शेजारची गीता तेवढी हसली नाही.

गीताला बाप नव्हता. ती चुलत्याकडं राहायची. चुलता कंपनीच्या ऑफिसात होता, त्याला इंग्रजी वाचता येई. त्यानं तिला बजावलं होतं, की ज्या दिवशी पाटी गळ्यात घालून घरी येशील, त्या दिवशी वह्या चुलीत जातील आणि तुझं लग्न लावून मी मोकळा होईन. त्या भीतीपायी गीता येत असलेलंही चुकवून बसे. कडूबाईला चूक लांबून दिसायची, कळपात लंगडणारं मेंढरू दिसावं तशी. ती बाकाखालून गीताचं वाक्य नीट करून द्यायची. पण कुणाकडं बोट मात्र कधी दाखवलं नाही.

एकदा गीताचं नीट करता करता तिचं स्वतःचं राहिलं. सरांनी मुद्दाम दिलेलं वाक्य होतं, 'माय मदर नो नथिंग.' माझ्या आईला काही कळत नाही. क्रियापदाला शेवटचं अक्षर लावायचं राहून गेलं, आणि ते वाक्य घेऊन मी कडूबाईच्या गळ्यात घरी गेले.

तिची आई राजाबाई दारातच थबकली. जत्रेत पहिल्या नंबराच्या मेंढ्याच्या गळ्यात पाटी घालून मिरवतात, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं मला हळदकुंकू लावलं. लेकीला गल्लीभर फिरवून घरोघर साखर वाटली. कडूबाई खाली मान घालून मागं मागं चालत राहिली. काय सांगणार होती ती?

दुसऱ्या दिवशी राजाबाई एक नवी घोंगडी घेऊन शिकवणीला आली. सरांच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, की पोरीला बक्षीस दिलं, आमच्याकडून हे घ्या. सरांना आधी उमजेना. उमजलं तसे ते वर्गाकडं वळून गालात हसले, आणि सगळा वर्ग हसायला लागला. राजाबाईला वाटलं, लेकरं खूश झाली. तीही हसली.

"काय लिवलंय तेवढं सांगा की सर," ती म्हणाली. "हिच्या बापाला सांगते."

"सांगतो ना. मराठीतच सांगतो," सर म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला.

कडूबाई उठली. माझी सुतळी तिच्या मुठीत आवळलेली होती.

"सर, गीताचं चुकलंय."

गीताच्या वहीतली त्या दिवशीची चूक कडूबाईनं अजून नीट करून दिली नव्हती. नियम सरांचाच होता: चूक पकडली की आधी पाटी बदलायची. त्यांनी नाराजीनं फडकं घेतलं आणि मला पुसलं. खडूबरोबर कुंकूही आलं. फडकं लाल झालं.

"मग काय लिवलं हुतं गं?" राजाबाईनं विचारलं.

"हुशार, असं लिवलं हुतं, आई."

"व्हय?" म्हणत राजाबाई समाधानानं निघून गेली. घोंगडी सरांनी खुर्चीवर अंथरली.

मी गीताच्या गळ्यात गेले. तिनं कडूबाईकडं एकदा पाहिलं आणि वही मिटली. घरी चुलता दारातच होता. त्यानं मला वाचलं. सकाळी त्याच्याच पोरानं मला एकटीला सरांकडं आणून टाकलं.

पुढं मी कडूबाईच्या गळ्यात कधी गेले नाही. ती आता सगळ्यात आधी बोट दाखवायची. सर तिला शाबासकी देत. एकदा म्हणाले, "आता कुठं ही शिकली."

विद्यापीठाला नवं नाव मिळालं, त्या सुमाराला सरांची शिकवणी बंद पडली. भंगाराच्या ढिगातून कडूबाईनं मला उचलून आणलं. माझी सुतळी तिनं विळीवर कापली. आता मी तिच्या माठावर झाकण म्हणून असते. ती कंपनीत त्या आतल्या खुर्चीत बसते. तिची पोरगी छावणी भागातल्या शाळेत इंग्रजी शिकते. रोज संध्याकाळी पोरगी घरात आली, की कडूबाई आधी तिचा गळा बघते, मग दप्तर घेते. पोरगी मुकाट असली तर हिला घास उतरत नाही.

गीता गंगापूर तालुक्यात दिली, एवढंच कळलं. कडूबाई कैकदा गंगापूरच्या जीपच्या थांब्यापर्यंत जाते आणि परत येते. आली, की माठाचं पाणी पिते आणि मला पालथी ठेवते.

मित्रांनो, मला पाय नाहीत. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलंत, तर मुकुंदवाडीहून दिलेली गीता कुठल्या घरात आहे, तेवढी चौकशी करा. बरी आहेस का, म्हणून लगेच विचारू नका. बरी आहे, असंच म्हणेल. दारात उभं राहून तिला नावानं हाक मारा. ती ओ देते का, तेवढं बघून या.