बारा नंबरची आबदार तलवार

संग्रहालयाच्या शस्त्रांच्या दालनात एकोणीस तलवारी, सात खंजीर, दोन चिलखते आणि एक बंद पंखा होता. शेजारी हस्तलिखितांच्या दालनात चौतीस पोथ्या आणि त्या सांभाळणाऱ्या फारसीबाई. प्रेक्षक शून्य. माणूस तिथे सरासरी एक मिनिट तरी थांबला पाहिजे, नाहीतर महिनाअखेर त्या दालनाची कोठी करू, असे संचालकांनी कळवले होते.

म्हणून बाईंनी शस्त्रांच्या दालनाचे प्रमुख पोलादकाका यांच्याकडे बारा नंबरची तलवार मागितली. तिच्या पात्यावर सोन्याच्या तारेने दोन फारसी ओळी जडवल्या होत्या.

“तलवार पोथ्यांत? उद्या चिलखताला बाराखडी शिकवाल!” काका म्हणाले. “आबदार म्हणजे नीट पाणी दिलेलं पोलाद. तापवायचं, बुडवायचं. संपलं.”

“अहो, आब म्हणजे पाणी, आणि कवितेतल्या लखलखीत शेरालाही आबदारच म्हणतात. कारागिरानं लिहिलंय: पात्याला आब मी दिला, वाचणाऱ्या, ओळीला तू दे. तीस वर्षांत दिलात तुम्ही?”

“मला फारसी कुठं येते?”

“तेच म्हणतेय मी.”

दोघांनी माझ्याकडे पाहिले. प्रेक्षक किती वेळ थांबतात ते मोजण्याच्या कामावर मी नवीन होते. एक आठवडा तलवार इथे, एक आठवडा तिथे. स्टॉपवॉच मी धरते, असे मी सुचवले.

“हिला काय, उचकीसुद्धा मोजायची असते,” काका पुटपुटले. पण तयार झाले.

दुसऱ्या आठवड्यात बाई तलवारीच्या काचपेटीशेजारी बसून येणाऱ्या प्रत्येकाला त्या ओळी वाचून दाखवू लागल्या. बुधवारी काका ‘हवेतला दमटपणा बघायला’ आले. तेवढ्यात एका आजोबांनी विचारले, “पोलादाला पाणी देतात म्हणजे काय हो?” बाईंनी तोंड उघडायच्या आत काकांनी सांगायला सुरुवात केली. ते थांबले तिथून बाईंनी शेराचे पाणी सांगितले. मग काका हळूच म्हणाले, “ती दुसरी ओळ पुन्हा वाचा. सावकाश.”

शनिवारी खुर्च्या कमी पडल्या. काकांनी आपल्या दालनातल्या दोन आणल्या.

मी अहवाल दिला. तलवारीपुढे थांबण्याची सरासरी: शस्त्रांच्या दालनात नऊ सेकंद, हस्तलिखितांच्या दालनात चार मिनिटे दहा सेकंद. यात पोलादकाका धरलेले नाहीत. त्यांची नोंद वेगळी: शुक्रवार, त्रेचाळीस मिनिटे.