आतलं बकरम

"शर्ट काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि शिंपी भिंतीकडे तोंड करून बटणं सोडू लागला.

उभा जन्म दुसऱ्यांच्या छातीला टेप लावण्यात गेला. आता चाळिशीत स्वतःची छाती उघडी करायची तर बोटं आखडली. शर्टाला आतून, दोन्ही बाजूंना, कॉलरमध्ये घालतात तसलं ताठ बकरम शिवलेलं होतं. बाईंनी ते उलटून पाहिलं. हसल्या मात्र नाहीत. तेवढ्यावरच त्याचा त्यांच्यावर विश्वास बसला.

वजन वर्षभरात किती हललं, कुठली औषधं चालू आहेत, दारू, सिगारेट, सगळं विचारून झालं. मग त्यांनी छातीवरचा बायकांसारखा उभार दोन्ही बाजूंना दाबून पाहिला.

"मऊ आहे, दोन्हीकडे सारखं. जिवाला धोका नाही. ऑपरेशन नाही केलं तरी चालेल, हे आधी समजून घ्या."

"मला नाही चालणार," तो म्हणाला. "लेकीला पोहायला शिकवायचं होतं. शिकली ती, दुसऱ्या कुणाकडून."

"व्रण राहतील. थोडा बधिरपणा राहू शकतो. अगदी सपाट होईलच असंही नाही. काही आठवडे घट्ट पट्टा, हात वर करायचे नाहीत, जड उचलायचं नाही. दुकान कोण बघेल?"

"वडील."

"त्यांना आहे का हा त्रास?"

"छे! ते अगदी सडसडीत."

"बरं. एक लक्षात ठेवा. एकाच बाजूला कडक गाठ लागली, किंवा बोंडातून रक्त आलं, तर त्याच दिवशी यायचं. उतारवयात तर हयगय नकोच. पुरुषांना कुठला आलाय स्तनाचा कॅन्सर, असं म्हणून लोक घरी बसतात."

त्याने मान हलवली. लक्ष सगळं पुढच्या महिन्यातल्या ऑपरेशनच्या तारखेकडे होतं.

बकरमाची युक्ती वडिलांची. शाळेतली पोरं त्याला 'ताई' म्हणायला लागली, तेव्हा चौदा वर्षांच्या लेकासाठी बापाने न विचारता तसा शर्ट शिवला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," एवढंच बोलला. बापाला आपली लाज वाटते, हे तेव्हापासून त्याच्या मनात घर करून बसलं होतं.

तो दुकानात परतला तेव्हा म्हातारा बाप गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या स्वेटरमध्ये डोळे मिटून बसला होता. मशीनवर त्याचा शर्ट पडला होता, खांद्यावर उसवलेला. बाजूला सुई, तिच्यात दोरा नाही. मोतीबिंदूपुढे म्हाताऱ्याने हात टेकले होते. एरवी आपले कपडे तो स्वतःच बेतायचा, शिवायचा, धुवायचाही. कुणाला हात लावू द्यायचा नाही.

शिंप्याने टाका घालायला शर्ट उलटा केला.

आत बकरम होतं. दोन्ही बाजूंना, शिंप्याच्या स्वतःच्या शर्टात होतं तसंच. डावीकडे दुपदरी, आणि त्याच्यावर बटणाएवढा तपकिरी डाग. धुऊन फिका झालेला. त्यालाच लागून दुसरा, ताजा.

त्याने डागावरून अंगठा फिरवला.

"बाबा, डावीकडचं हे कधीपासून?"

म्हातारा जागाच होता. शर्ट कुणाच्या हातात आहे, तेवढं त्याला दिसलं.

"दोरा ओवता आला असता तर तुला कळलंही नसतं."

"कधीपासून?"

"झाले चार-पाच महिने. गाठ आहे. आता या वयात कुणापुढे उघडं व्हायचं? झाकली मूठ..."



शिंप्याला त्याचा संताप आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. गावभरची मापं वहीत होती. बापाचं तेवढं त्याने कधी घेतलं नव्हतं. त्याने दुकानाचं दार लावून घेतलं. मग बापाकडे तोंड करून आपल्या शर्टाची बटणं सोडली, शर्ट काढून म्हाताऱ्याच्या शर्टावर ठेवला, आणि दोन्ही हात खाली सोडून उभा राहिला.

"डॉक्टरांकडे जायचंय. आत्ता, दोघांनी."

"आणि तुझी तारीख?"

"ती थांबेल. तुम्ही आधी मला दाखवा."

म्हाताऱ्याने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. मग त्याचा हात स्वेटरच्या वरच्या बटणाकडे गेला. जन्मभर काजं केलेल्या त्या बोटांना बटण काही सुटेना. शिंपी मदतीला पुढे झाला नाही. अंगावर काटा आला होता, तरी तो तसाच उघडा उभा राहिला.